घरच्यांपैकी कोणीतरी

कोलंबसजवळ, ओहायो
९ सप्टेंबर २०१८

प्रिय ताई,

रविवारी फोनवर आई तुझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून हे ईमेलने लिहितोय. वाचून झालं की काढून टाक.

मी बरा आहे. चार महिने रोज संध्याकाळी लोकांची दारं वाजवतोय. आमच्या मतदारसंघात निम्मी नवी घरं आणि निम्मी मक्याची शेतं. सहा नोव्हेंबरला इथे सगळं एकदमच आहे. वॉशिंग्टनला जाणारी माणसं, राज्याचा गव्हर्नर, राज्याच्या सभागृहाचे आमच्यासारखे उमेदवार आणि न्यायाधीशसुद्धा, सगळे एकाच लांबलचक मतपत्रिकेवर. लोक मोठ्या दोन-तीन नावांसाठी येतात आणि माझ्या नावापर्यंत पोचता पोचता कंटाळतात. माझा प्रचार सांभाळणारा रणजित म्हणतो, "त्यांना तुमची कामं लक्षात राहत नाहीत, तुमची गोष्ट राहते." म्हणून वेबसाइटवर घरची माहिती टाकली आहे. आई नागपूरला शाळेत शिकवायची, बहीण आयर्लंडमध्ये नासच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, वगैरे. लोकांना आवडतं.

काल रणजितने दार लावून घेतलं आणि विचारलं, "असं काही आहे का, जे दुसऱ्यांना सापडेल आणि मला माहीत नाही?" मी त्याला मेगनचं, माझ्या पहिल्या लग्नाचं सांगितलं. स्वरांगीला आमच्या लग्नाआधीपासून माहीत आहे, त्यामुळे घरात प्रश्न नाही. आपल्या माणसांपैकी फक्त तुला माहीत आहे. तू त्या वेळी परीक्षेसाठी अमेरिकेत आली होतीस, कोर्टात साक्षीदार म्हणून तूच उभी होतीस. दीड वर्षात ते लग्न मोडलं आणि आपण दोघांनी ठरवलं की आईला कधीच कळू द्यायचं नाही. अजूनही तेच. भाऊजींनाही तू काही बोलली नसशील असं धरून चालतोय.

तुझा
यश


नास
१६ सप्टेंबर २०१८

प्रिय यश,

काढून टाकलं तुझं पत्र. मी कधी कोणाला काही सांगितलं आहे का, की आता सांगेन? शैलेंद्रलाही नाही.

आई मजेत आहे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा व्हिसा आहे तिचा. मी ड्यूटीला गेले की ती शेजारच्या ब्रीडाकडे जाऊन बसते. ब्रीडाला तुझ्या निवडणुकीचं तिने इतकं सांगितलंय, की ती मला कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना विचारते, "हाउज युवर मॅन इन ओहायो?" आईने माझ्या स्वयंपाकघरातलं प्रत्येक प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडून लावून ठेवलंय. पोह्यांचा डबा मला अजून सापडलेला नाही. काल पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "काय गं, निवडणुकीत माणसाचं घर काहून पाहतात?" मी म्हटलं, तिकडे तशीच पद्धत आहे. त्यावर "हं" म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

शैलेंद्रचं काय चाललंय कळत नाही. फोन आला की बाहेर गाडीत जाऊन बसतो. विचारलं तर "ऑफिसचं आहे, ग्रँड आहे सगळं" म्हणतो. असो. तू जेवत जा वेळेवर.

ताई


कोलंबसजवळ, ओहायो
१२ ऑक्टोबर २०१८

ताई,

या आठवड्यात लवकरचं मतदान सुरू झालं, म्हणजे लोक सहा तारखेची वाट न बघता मत देऊन येऊ शकतात. आणि त्याच दिवशी आमच्या मतदारसंघातल्या घराघरांत टपालाने एक रंगीत पत्रक आलं.

वर माझा फोटो. खाली लिहिलंय की या माणसाने एका अमेरिकन मुलीशी लग्न केलं आणि दीड वर्षात सोडलं. मग प्रश्न: लग्न की कागदपत्रं? ताई, तुला माहीत आहे, माझं ग्रीन कार्ड नोकरीवर झालं, लग्न मोडल्यावर पाच वर्षांनी. पण ते सांगायला मला दहा वाक्यं लागतात आणि त्यांना एकच प्रश्न पुरला.

लग्नाची आणि घटस्फोटाची नोंद सरकारी असते, ती कोणालाही मिळते. त्याचं मला काही वाटलं नाही. पण पत्रकाच्या खालच्या बाजूला अवतरणात एक वाक्य आहे. "जवळच्या नातेवाईकाचे शब्द" म्हणून. मराठीत असं होईल: घरच्यांनी ते लग्न कधी पाहिलंच नाही.

हे वाक्य सरकारी नोंदीत नाही. हे घरच्यांपैकी कोणीतरी बोललं आहे. आणि घरच्यांपैकी एकाच माणसाला माहीत होतं.

काल सावीने शाळेतून आल्यावर मला विचारलं, "बाबा, तुझी आधी कोणी बायको होती?" ती बारा वर्षांची आहे. हे मी तिला माझ्या पद्धतीने सांगणार होतो.

तू कोणाशी बोललीस एवढंच सांग. मी रागावणार नाही. फोन करू नकोस, फोनवर माझा आवाज चढतो.

यश


नास
१४ ऑक्टोबर २०१८

यश,

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वाचलं आणि पुढचे तीन पेशंट कसे तपासले, मला आठवत नाही.

मी कोणाशीही बोललेले नाही. त्या कोर्टात तुझ्या शेजारी मी उभी होते. माझ्या बॅगेतली कोरी साडी मेगनला मीच दिली होती, कारण तिला लग्नात साडी नेसायची होती आणि नेसवायला दुसरं कोणी नव्हतं. सतरा वर्षं मी आईसमोर खोटं वागले ते तुझ्यासाठी. आणि तू मला लिहितोस, "मी रागावणार नाही"?

घरच्यांनी लग्न पाहिलं नाही, असं मी म्हणेनच कशी? मी पाहिलं होतं. एवढा साधा विचार तुझ्या मनात आला नाही?

चित्रा


कोलंबसजवळ, ओहायो
१६ ऑक्टोबर २०१८

ताई,

तुझं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. खरं आहे, तू तसं म्हणणार नाहीस. मला माफ कर. पण मग ज्याने लग्न पाहिलं नाही आणि तरी ज्याला माहीत आहे, असा कोण?

मी भाऊजींबद्दल विचार करतोय. राग मानू नकोस. दोन वर्षांपूर्वी नाताळात मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा इथल्या निकालांवरून आमचं किती वाजलं ते तुला आठवत असेल. "तुमच्या पक्षाला एकदा चांगला धडा मिळायला हवा," असं ते म्हणाले होते. तू नाही सांगितलंस, पण घरात एखादं जुनं पत्र, एखादा फोटो असेल. तूच लिहिलं होतंस की फोन आला की ते गाडीत जाऊन बसतात. सप्टेंबरपासून. आणि विरोधकांचा माणूस नातेवाईकांशी बोलला असेल तर तो सप्टेंबरमध्येच, असं रणजितचं म्हणणं आहे.

मी आरोप करत नाही. फक्त बघ म्हणतोय.

यश


नास
२१ ऑक्टोबर २०१८

यश,

बघितलं.

तुझं पत्र आल्यापासून चार दिवस मी माझ्या नवऱ्याकडे पेशंटकडे बघावं तशी बघत होते. कुठल्या प्रश्नाला उत्तर देताना थांबतो, कुठे नजर चुकवतो. तो चुकवतच होता. शनिवारी तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन उघडला. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. एकाच अनोळखी नंबरवरून दहा-बारा कॉल. तो बाहेर आला, तेव्हा फोन माझ्या हातात होता.

मी विचारलं, "हा कोणाचा नंबर?"

तो म्हणाला, "आधी तू सांग, तुला काय वाटलं?"

मी सांगितलं. मेगनचं सांगितलं, पत्रकाचं सांगितलं, तुला काय संशय आहे तेही सांगितलं. तो पलंगाच्या कडेला बसून सगळं ऐकत होता, केस तसेच ओले. मग म्हणाला, "यशचं लग्न झालं होतं हे मला आत्ता कळतंय, चित्रा. तो नंबर कॉर्क शहरातल्या आमच्या ऑफिसचा आहे. आमचं इथलं युनिट बंद होतंय. कॉर्कला जा नाहीतर राजीनामा द्या म्हणतायत. तू नुकतीच इथे कायम झालीस, म्हणून दुसरीकडे काही जमतंय का ते बघत होतो. जमलं की सांगणार होतो."

मी माफी मागितली. "असू दे," म्हणाला. जेवताना आईशी नेहमीसारखा बोलला. माझ्याशी मीठ मागण्यापुरतं.

आता तुझं समाधान झालं असेल. त्याच्याबद्दल पुन्हा एक अक्षर लिहू नकोस.

चित्रा


नास
२७ ऑक्टोबर २०१८

यश,

तू उत्तर दिलं नाहीस आणि मीही लिहिणार नव्हते. पण हे कळवायलाच हवं.

काल इथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. मी कामावरून येताना शाळेत जाऊन मत देऊन आले. घरी आल्यावर आई विचारू लागली, कोण कोण उभं आहे, त्यांच्याही घरची चौकशी करतात का. मी म्हटलं, "इथे फारशी नाही." तर ती गॅसवरचं दूध बघत अगदी सहज म्हणाली, "यशच्या इलेक्शनवाल्या त्या बाई पुन्हा फोन करतो म्हणाल्या होत्या. काही केला नाही बाप्पा त्यांनी."

मी विचारलं, "कोणत्या बाई?"

सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या घरच्या फोनवर एका बाईचा फोन आला होता. फोन बुकात नाव आहे माझं, आणि डॉक्टर बहीण नासला आहे हे तुझ्या वेबसाइटवर तूच लिहिलंस. बाई फार गोड बोलत होती म्हणे. ओहायोहून बोलतेय, उमेदवारांच्या घरच्यांवर लिहितेय, आईकडून दोन शब्द हवेत. आई शाळेत इंग्रजीही शिकवायची, तिला काही अडचण नाही. तिने तुझं लहानपण सांगितलं, बाबांचं आजारपण सांगितलं. मग त्या बाईने विचारलं, "आणि तुमची पहिली सून कशी होती?"

यश, आईला मेगनचं माहीत आहे. तुमचं मोडलं त्या वर्षापासून माहीत आहे. मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "तुम्ही दोघांनी ठरवलं होतं मला कळू नये. मग मला कळलं आहे हे तुम्हाला कळू नये, असं मी ठरवलं."

पत्रकाबद्दल मी तिला सांगितलं. लपवून आता काय मिळणार? ती आतल्या खोलीत जाऊन तुला लिहीत बसली आहे. मी स्कॅन करून पाठवते.

चित्रा


नास
दि. २८ ऑक्टोबर २०१८

चि. यशोधन यास,

अनेक आशीर्वाद.

चित्राने सर्व सांगितले. त्या बाईने मला फसवले, आणि माझ्या तोंडचे वाक्य तुझ्याविरुद्ध छापले. ते वाक्य माझेच आहे, पण ते तिथे संपत नव्हते. मी काय म्हणाले ते पूर्ण लिहिते.

मी म्हणाले: आम्ही घरच्यांनी ते लग्न कधी पाहिलेच नाही, आणि हे आमचे दुर्दैव, कारण मुलगी चांगली होती.

तुमचे मोडले तेव्हा मेगनने नागपूरला फोन केला होता. तुझे बाबा दुकानात गेले होते. आधी मला कळेचना कोण बोलते आहे. मग ती म्हणाली, मी तुमच्या मुलाची बायको होते, मला तुमच्याशी एकदा तरी बोलायचे होते. खूप रडली. मीही रडले. ओळख झाली तीच निरोप घेताना. माझ्या मुलाने तिच्यावर मनापासून प्रेम केले, यात मला शंका नाही. कागदासाठी लग्न करणारा मुलगा मी वाढवलेला नाही.

पण यशू, मोडले त्यात चूक तिची नव्हती. तू तिला आमच्यापासून लपवत राहिलास. दिवाळीला तू आम्हाला फोन करायचास तेव्हा ती बाजूच्या खोलीत गप्प बसून राहायची, हे तिने मला सांगितले. लपवलेली बायको किती दिवस राहील? हेही मी त्या बाईला सांगितले होते. तिने ते छापले नाही.

मला आधी विचारले असतेस, तर मी त्या लग्नाला आले असते. निवडणुकीचे जे व्हायचे ते होवो. चित्रावर आणि जावयांवर तू संशय घेतलास हे बरे केले नाहीस.

आई


कोलंबसजवळ, ओहायो
८ नोव्हेंबर २०१८

प्रिय आई आणि ताई,

निवडून आलो. फार थोड्या मतांनी, पण आलो. जानेवारीत शपथ आहे.

आई, तुझं पत्र वाचून मी खूप वेळ गाडीतच बसून होतो. मग रणजितला दाखवलं. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी इंग्रजीत वाचून दाखवलं. तो म्हणाला, याच्यापुढे त्यांचं पत्रक काहीच नाही. शेवटच्या शुक्रवारी आम्ही तुझ्या पत्रातला मजकूर छापून घरोघरी पोचवला. शेजारी तुझा शाळेतला फोटो. लोक दारात मला सांगत होते, तुमच्या आईचं पत्र वाचलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर ते फ्रिजवर लावलंय. विचारायला वेळ नव्हता, पण तू नाही म्हणाली नसतीस याची मला खात्री होती. कागद सोबत पाठवतोय.

ताई, तुझी आणि भाऊजींची माफी मागतो. मला तेव्हा प्रत्येकाचाच संशय येत होता. स्वरांगीचासुद्धा. हे सगळं संपलं आता. शपथविधीला तुम्ही सगळे या.

तुमचा
यश


नास
११ नोव्हेंबर २०१८

प्रिय यश,

अभिनंदन. ब्रीडाने आईसाठी केक आणून दिला. आईने तुझा कागद चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला.

शैलेंद्र पुढच्या महिन्यापासून कॉर्कला जाईल. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार इथे. त्याने मला माफ केलंय असं तो म्हणतो. पण आता तो अंघोळीला जाताना फोन टेबलावर ठेवून जातो, लॉक काढून, स्क्रीन वर करून. मी त्या खोलीत थांबत नाही. एवढं संपलेलं नाही बघ.

शपथविधीला मला सुट्टी मिळणार नाही. खरं कारण हेच आहे का, ते मला विचारू नकोस.

ताई


नास
दि. १३ नोव्हेंबर २०१८

चि. यशोधन यास,

अनेक आशीर्वाद. निवडून आलास, आनंद वाटला. परवा माझे नागपूरचे विमान आहे, म्हणून आजच लिहिते.

तुझा कागद वाचला. मुलगी चांगली होती, हे आहे. माझ्या मुलाने मनापासून प्रेम केले, हे आहे. कागदासाठी लग्न करणारा मुलगा मी वाढवलेला नाही, हे तर मोठ्या अक्षरात आहे. चूक तिची नव्हती, हे नाही. ती बाजूच्या खोलीत बसायची, हे नाही. त्या बाईने माझे निम्मे छापले आणि तू उरलेल्यातले निम्मे. ती परकी होती, तिला मी काय म्हणू?

तू म्हणशील, पत्रकावर तेवढी जागा नसते. असेलही. मी तुझ्याशी भांडत नाही. शपथ घेशील तेव्हा माझा आशीर्वाद आहेच. पण मी येणार नाही.

काल चित्राकडून मेगनचा नंबर शोधून घेतला. ती ओहायोतच असते, दातांच्या दवाखान्यात काम करते. तिला दोन मुले आहेत. मी नाव सांगितले, तिने लगेच ओळखले. दोन्ही कागद तिच्याही गावात पोचले होते. तिच्या नवऱ्याने वाचले, दवाखान्यातल्या बायांनी वाचले. पहिला वाचून लोकांना वाटले, हिला वापरून टाकून दिले. दुसरा वाचून वाटले, एवढा चांगला नवरा हिने सोडला कसा. तिला कोणीच काही विचारले नाही म्हणाली, ना त्या पत्रकवाल्यांनी, ना तू.

मी म्हटले, मेगन, मी जे बोलले होते ते पूर्ण तुला सांगायला फोन केला आहे. तिने विचारले, या वेळी अजून कोण ऐकते आहे? मी म्हटले, कोणी नाही गं, मी एकटीच आहे.

तरीही ती बराच वेळ काही बोलली नाही. मी फोन ठेवला नाही. मग हळूहळू बोलू लागली.

आई